तिसऱ्या भागाचा ठिपका

जयमालाबाईंचं भावनाकडे पहिल्यांदा लक्ष गेलं ते चपलांमुळे.

पाचवीचा वर्ग होता. मधल्या सुट्टीत पोरं वाटेल तशी चपला भिरकावून आत शिरायची, आणि शाळेचा व्हरांडा बाजार उठल्यासारखा दिसायचा. त्या दिवशी बाई चहा घेऊन आल्या आणि दारातच थबकल्या. सगळ्या चपला भिंतीला लावून, जोडीजोडीने, सरळ ओळीत मांडलेल्या. ओळीच्या टोकाला एक काळी रबरी आणि एक निळ्या पट्ट्याची, दोन्ही डाव्याच पायाच्या, नवराबायकोसारख्या शेजारी शेजारी बसवलेल्या.

"हे कोणी केलं?"

मोरू घरताची मुलगी उभी राहिली. तेल चोपडलेल्या दोन घट्ट वेण्या, आणि चेहऱ्यावर शाबासकीची अपेक्षा.

"छान केलंस. पण हा जोड नाही गं."

"म्हायती हाय, बाई. पन एकेक ठेवली तर मधी रिकामा दिसता."

बाई हसल्या. आठवडाभर त्यांनी ही गोष्ट शिक्षकांच्या खोलीत सांगितली. पोरगी मोठी टापटिपीची निघणार, असं सगळ्यांचंच मत पडलं.

आणि तसंच झालं. भावना उरणच्या कॉलेजातून वाणिज्य शाखेची पदवी घेऊन बाहेर पडली आणि कंटेनर यार्डाच्या ऑफिसात कामाला लागली. गावातली निम्मी तरुण मंडळी बंदराच्याच आसऱ्याने जगते. कोणी ट्रेलर चालवतो, कोणी गेटवर असतो, कोणी वजनकाट्यावर. भावनाचं काम बसून करायचं होतं. कुठल्या कुठल्या जहाजांच्या आणि एजंटांच्या याद्या एक्सेलमध्ये यायच्या. प्रत्येकाची तऱ्हा निराळी. कोणाच्या तारखा उलट्या, कोणाचे रकाने सरकलेले, कोणी जहाजाचं नाव एकदाच लिहून खालची सगळी घरं मोकळी सोडलेली. तिथला रिवाज असा की रिकामं घर म्हणजे वरच्यासारखंच. भावनाने ती घरं भरायची, सगळं एका साच्यात बसवायचं आणि पुढे पाठवायचं. पुढे तिने हेच काम आपोआप करणारा प्रोग्राम लिहायलाही शिकून घेतलं. दिवसभराचं काम चहा संपायच्या आत व्हायला लागलं, तेव्हा साहेबांनी तिला एक वेगळं टेबल दिलं. मोरू ते टेबल बघायला मुद्दाम यार्डाच्या गेटपर्यंत जाऊन आला. आत सोडलं नाही, म्हणून बाहेरूनच खिडकी बघून परतला.

गाव खाडीच्या काठाला. भाताची शेतं खाडीपेक्षा खाली, आणि मध्ये मातीचा बांध. उधाणाच्या भरतीला बांधाच्या एका अंगाला छातीभर खारं पाणी आणि दुसऱ्या अंगाला हिरवी रोपं. खारं पाणी एकदा आत शिरलं की त्या वर्षाचं पीक तर जातंच, पण पुढची काही वर्षंही जमीन नीट पिकत नाही. म्हणून बांधाला राखणदार. बांधाचे पाच भाग, प्रत्येक भागाला एक माणूस. भरती चढण्याआधी त्याने आपल्या भागावरून चालत जायचं, चिंबोऱ्या-खेकड्यांनी बिळं पाडलीत का, माती कुठे पाझरते का ते बघायचं, आणि परत येऊन समाजमंदिराच्या भिंतीवरच्या फळ्यावर आपल्या भागासमोर चुन्याचा ठिपका लावायचा.

ठिपका लागला, की बांध ठीक.

ठिपका नाही, तर काही विचारत बसायचं नाही. फावडं-घमेलं घ्यायचं आणि त्या भागाकडे धावायचं. कारण उघड होतं. बांधाला भोक पडलं असेल तर राखणदार ते बुजवत बसलेला असणार, तो सांगायला कसा येईल? आणि त्याचंच काही बरंवाईट झालं असेल, तर मुळीच येणार नाही. शिवाय जुनी माणसं म्हणत, बांधाच्या नावाने वाईट अक्षर काढू नये. तो ऐकतो.

तिसरा भाग सदूनानांचा. त्यांच्या आधी त्यांच्या वडिलांचा, त्याआधी आजोबांचा. तिसऱ्या भागाला खाडी वळण घेते, पाण्याची धडक तिथे सगळ्यांत जास्त. सदूनाना बोलायला कमी. त्यांना बांधाबद्दल विचारलं तर घरातल्या म्हाताऱ्या माणसाबद्दल सांगावं तसं सांगत, "आज जरा नरम हाय. उद्या उठंल."

जयमालाबाई निवृत्त झाल्यावर बांध समितीने त्यांना सचिव केलं. त्या बुद्धवाडीतल्या, समितीतले बाकीचे सगळे आगरी शेतकरी. पण त्यातल्या बहुतेकांना त्यांनी पाढे शिकवलेले, त्यामुळे त्यांचा शब्द चाले. फोन घरोघरी आले तसा फळा मागे पडला. राखणदाराने घरी येऊन सांगायचं आणि घरच्या कोणीतरी एक्सेलच्या फाईलमध्ये भरून बाईंना पाठवायचं, असं ठरलं. सदूनानांच्या घरी ते काम सून पूनमकडे आलं.

त्या पाच फाईली म्हणजे बाईंच्या डोक्याला रोजचा ताप. एक जण 'ठीक' लिही, दुसरा 'ओके', तिसरा 'बरा हाय'. चौथा काहीच न लिहिता घर हिरवं रंगवी. कोणी तारखेच्या जागी 'अमावस्या' घाली, तर कोणी मथळ्याच्या ओळीत पुतण्याला वाढदिवसाच्या शुभेच्छा चिकटवी. बाई चष्मा पुसून पुसून हे सगळं एका तक्त्यात उतरवत. एखादं घर कोरं दिसलं की हातातलं काम टाकून अंगणात येत आणि पलीकडच्या आळीला ओरडून सांगत, आणि माणसं धावत. हे त्या कधी कोणाला समजावून सांगत बसल्या नव्हत्या. गरम चहा फुंकून प्यावा, हे का कोणाला सांगावं लागतं?

भावनाने एकदा त्यांना असं बसलेलं पाहिलं.

"बाई, काय हो हे! डोळे फोडून घ्याल. द्या मला. मशीन करील."

"मशीनला हे 'बरा हाय' कसं कळेल?"

"कळेल. मी सांगीन ना त्याला."

रविवारच्या सुट्टीत तिने ते काम करून टाकलं. पाच फाईली आल्या की प्रोग्राम त्या आपोआप उचलणार, शुभेच्छा काढून टाकणार, 'ओके', 'बरा' आणि हिरवा रंग या सगळ्याचं 'ठीक' करणार, तारखा सरळ करणार, आणि सकाळी गावाच्या ग्रुपवर संदेश टाकणार, भाग एक ठीक, भाग दोन ठीक, पाचापर्यंत. पहिला संदेश आला तेव्हा बाईंना आपल्या विद्यार्थिनीचा इतका अभिमान वाटला की त्यांनी तिच्या घरी शिरा पाठवला. गाव खूश. फळ्याकडे जायची गरज उरली नाही. समाजमंदिराला रंग दिला तेव्हा फळ्याची जागाही त्यात रंगून गेली, आणि कोणी हळहळलं नाही.

श्रावणातली अमावस्या. भरती दुपारची, उधाण मोठं. सकाळी ग्रुपवर संदेश आला, पाचही भाग ठीक. बाईंनी वाचला, भाजी निवडली, जेवल्या, जरा आडव्या झाल्या.

बाहेर पोरांचा गलका ऐकू आला म्हणून त्या अंगणात आल्या. अंगणाच्या कडेपासून शेत सुरू होतं. आदल्या दिवशी तिथे पोपटी रोपं वाऱ्यावर डुलत होती. आता तिथे पाणी होतं. रोपांची नुसती टोकं दिसत होती आणि त्यांच्यामधून बोयटी उड्या मारत होती.

बोयटी. खाडीतला मासा, भाताच्या शेतात.

बाईंनी वाकून बोटं पाण्यात बुडवली आणि जिभेला लावली. खारट. हातातल्या फोनवर संदेश अजून तसाच होता. त्यांनी तो पुन्हा वाचला. भाग तीन ठीक. पायाखाली पाणी, आणि हातात ठीक.

बांध तिसऱ्या भागातच फुटला होता. सदूनाना जेवायला आले नाहीत म्हणून पूनम बघायला गेली, तर वाटच नव्हती. दोन्ही बाजूंनी बांध फुटून खांड पडलेली आणि मधल्या मातीच्या तुकड्यावर सासरा बसलेला, कमरेपर्यंत चिखल, एक पाय वाकडा. मोरू घरत होडी घेऊन गेला आणि त्यांना घेऊन आला. येताना सगळी वाट तो ओरडत होता.

"ठीक हाय म्हनून सांगितलास! ठीक! झोपला होतास काय रं?"

सदूनाना गावाकडे बघत राहिले. एकदाच म्हणाले, "कोनी आला न्हाय."

मोरूला वाटलं, म्हातारा थंडीने बरळतोय.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी समाजमंदिरात सभा ठरली. विषय एकच. सदूनानांना काढायचं आणि तिसरा भाग दुसऱ्याला द्यायचा. काढण्यापेक्षाही कारण वाईट होतं. तीन पिढ्यांच्या राखणदाराने न बघता 'ठीक' सांगितलं, खोटं बोलला, हे गावापुढे ठरणार होतं. अशा माणसाच्या घरचं पाणी कोणी पीत नाही. त्याच्या नातवंडांनाही ते ऐकून घ्यावं लागतं.

दुपारी भावना लॅपटॉप घेऊन बाईंकडे आली. यार्डातून अर्धा दिवस रजा काढून आली होती. तिच्या वडिलांचं शेत बांधालगतच्या पहिल्याच ओळीत, तेही गेलं होतं.

"बाई, पूनमवहिनी सकाळी माझ्या दारात आली होती. शपथ घेऊन सांगते, तिने 'ठीक' लिहिलंच नाही. नाना घरी परतलेच नव्हते, म्हणून घर कोरं सोडलं. मग संदेशात 'ठीक' दिसलं, तर तिला वाटलं नानांनी वाटेत कोणाला तरी सांगितलं असेल. काहीतरी चूक होतेय तिची. बघू या."

तिने पूनमची मूळ फाईल उघडली. अमावस्येच्या ओळीत तिसऱ्या भागापुढे काहीच नव्हतं. पांढरं, कोरं घर.

मग तिने आपल्या प्रोग्रामने तयार केलेला तक्ता उघडला. तीच ओळ, तेच घर. तिथे 'ठीक' होतं.

बाहेर कोणीतरी पंप चालू करून शेतातलं पाणी उपसत होतं, त्याची घरघर येत होती.

"हे कोणी लिहिलं?" बाईंनी विचारलं.

भावनाने प्रोग्राम उघडला. वरून खाली वाचत गेली आणि एका ओळीवर तिचं बोट थांबलं. तिच्या चेहऱ्यावरचा रंग उतरताना बाईंना दिसला.

"मी," ती म्हणाली. "रिकामं घर दिसलं तर वरचंच भर, असं मी सांगितलंय त्याला. यार्डात तसंच करतो आम्ही. वर 'ठीक' होतं, म्हणून खाली 'ठीक'."

"पण कोरं म्हणजे धावायचं, हे तुला माहीत नव्हतं?"

"माहीत होतं ना, बाई! लहानपणी फळ्यासमोरून घमेलं घेऊन धावलेय मी. पण तो फळा होता. ही फाईल. माझ्या डोक्यात ते दोन्ही एक झालंच नाही. हात इथे काम करत होते आणि डोकं यार्डात."

सदूनानांच्या तोंडी त्यांनी न उच्चारलेला शब्द घातला गेला होता आणि तो साऱ्या गावाने वाचला होता. स्वतः बाईंनीही.

भावना मात्र थांबली नाही. ती पूनमच्या जुन्या फाईली एकेक करून उघडू लागली.

"पुरे आता," बाई म्हणाल्या.

"नाही. बघू दे."

आषाढातल्या पौर्णिमेला एक कोरं घर निघालं. ज्येष्ठात एक. त्याआधी आणखी एक. प्रत्येक वेळी गावाला संदेश गेला होता ठीक म्हणून, आणि प्रत्येक वेळी म्हातारा बांधावर भोक बुजवत एकटा वाट बघत बसला होता. त्या वेळी भोकं लहान होती म्हणून निभावलं. उन्हाळ्यापासून तो गावाकडे बघत होता आणि गाव येत नव्हतं. त्याबद्दल त्याने घरात किंवा बाहेर एक शब्द काढला नव्हता.

भावनाने लॅपटॉप मिटला. बाईंनी ठेवलेला चहा तसाच गार झाला होता.

"आज सभेत नानांना काढायचं म्हणून सगळ्यांत आधी बाबाच उठणार आहेत," ती म्हणाली, आणि चप्पल घालून निघून गेली. बोलणार की नाही, ते तिने सांगितलं नाही. बाईंनीही विचारलं नाही.

संध्याकाळी समाजमंदिरात बसायला जागा नव्हती. सदूनानांना खुर्ची दिली होती, पायाला फळी बांधलेली. पूनम त्यांच्या मागे उभी. भावना बायकांमध्ये, खांबाला टेकून.

मोरू उठला. त्याने फोन वर धरला.

"ह्या बघा! भाग तीन ठीक. वाचा सगल्यांनी. नाना, तुमी मना बापाच्या जागी. पन माज्या शेतान आज मासं खेलतान. काय खाऊ? बोयटी पेरू?"

कोणीतरी मागून म्हणालं, "तुजी पोर यार्डान हाय, तुना काय कमी!" थोडं हसू फुटलं आणि लगेच विरलं.

सदूनानांनी हात पुढे केला. मोरूने फोन त्यांच्या हातात दिला. म्हाताऱ्याने तो डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, पुन्हा जवळ नेला.

"ह्या मी न्हाय बोललो."

"मंग कोन बोलला? पूनम?"

"मी रिकामी सोडली हुती!" पूनम ओरडली.

"वा! सासरा न्हाय बोलला, सून न्हाय बोलली. मंग काय मोबाईल आपल्या आपन बोलला?"

या वेळी सगळेच हसले. त्या हसण्यातच भावनाचा आवाज आला.

"व्हय बाबा. आपल्या आपन बोलला. मी शिकवला त्याला."

मोरूने वळून बघितलं. त्याला वाटलं, पोरगी त्याच्याच बाजूने काहीतरी टोमणा मारतेय. तो अर्धवट हसलासुद्धा. पण ती पुढे आली, सगळ्यांच्या मधोमध उभी राहिली आणि सांगायला लागली. यार्डातलं रिकामं घर, बांधावरचं रिकामं घर, ती एक ओळ. 'प्रोग्राम' हा शब्द तिने वापरला नाही. "पूनमवहिनीने फळा कोरा ठेवला होता. मी मागून जाऊन त्याच्यावर ठिपका लावला," एवढंच म्हणाली. ते लहान पोरांनाही कळलं. मग तिने उन्हाळ्यापासूनचे बाकीचे दिवसही सांगितले. ते कोणी विचारले नव्हते.

प्रत्येक जण मनात तेच चित्र बघत होता. बांधावर एकटा म्हातारा, हातात माती, आणि नजर गावाच्या वाटेवर. आणि आपण त्या वेळी काय करत होतो, तेही प्रत्येकाला आठवत होतं. संदेश वाचून कूस बदलली होती.

मोरू खाली बसला. फोन अजून सदूनानांच्याच हातात होता.

शेवटी एका बाईने विचारलं, "नाना, मागं कोनी आला न्हाय, तवा सांगितला का न्हाय वो?"

सदूनाना विचारात पडले. हे सांगण्यासारखं होतं, असं त्यांना पहिल्यांदाच वाटलं असावं.

"म्हटला, पोरां कामाला जातान. यायला टाइम नसंल." मग भावनाकडे बघून म्हणाले, "ये पोरी, ह्या धर. तुज्या बापसाचा फोन. मना येत न्हाय बंद करायला."

तिने फोन घेतला. तेव्हा कुठे ती रडली.

खांड भरायला साऱ्या गावाला भांग लागेपर्यंत, म्हणजे उधाणाचा जोर ओसरेपर्यंत, खपावं लागलं. यार्डातली, बंदरातली पोरं रजा टाकून माती वाहत होती. मोरूने कोणाशीही न बोलता सगळ्यांत जास्त घमेली टाकली. लेकीशी तो दसऱ्यापर्यंत बोलला नाही. मग एके दिवशी जेवताना म्हणाला, "तुज्या मशीनला सांग, म्हायती नसंल तर गप ऱ्हा." तो समेट होता, असं भावनाने बाईंना नंतर सांगितलं.

प्रोग्राम अजून चालतो. 'बरा हाय'चं 'ठीक' करतो, वाढदिवसाच्या शुभेच्छा काढतो. ती एक ओळ मात्र त्यात आता नाही. कोरं घर दिसलं की तो काहीच भरत नाही, ग्रुपवर तो भाग तसाच मोकळा जातो आणि माणसं धावतात. समाजमंदिराच्या भिंतीवर फळाही पुन्हा काढून घेतला आहे. प्रत्येक राखणदार फाईल पाठवण्याआधी तिथे चुन्याचं बोट टेकवतो. दोन दोन कामं कशाला, असं अजून तरी कोणी म्हटलेलं नाही.

सदूनानांचा पाय सांधला, पण बांधाची चढण त्यांना आता झेपत नाही. ते दारात खुर्ची टाकून बसतात.

भावना त्याच यार्डात, त्याच टेबलावर काम करते. उधाणाच्या दिवशी ती रजा टाकते. तिसऱ्या भागाची फेरी हल्ली तीच करते.